शब्दाखालची सही

अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात शायराचं नाव. बोलणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कळतं.

जनसंपर्काच्या व्यवसायात हाच आग्रह अमेरिकेच्या आयव्ही ली यांनी धरला. १९०६ साली कोळसा खाणमालकांची बाजू मांडताना त्यांनी वृत्तपत्रांना लेखी कळवलं, की आमचं काम छुपं नाही, ते उघड चालतं.

बरोबर शंभर वर्षांनी, २००६ साली, एक जोडपं मोटारघर घेऊन अमेरिकाभर निघालं. मुक्काम वॉलमार्ट दुकानांच्या आवारात. तिथल्या समाधानी कामगारांच्या हकिकती ते ब्लॉगवर लिहीत. वाचणाऱ्याला वाटे, ही साध्या माणसांची प्रवासाची रोजनिशी आहे. ऑक्टोबरमध्ये ‘बिझनेसवीक’ने उघड केलं, की खर्च वॉलमार्टच्याच पाठबळावर चालणाऱ्या एका गटाचा होता आणि त्यामागे एडेलमन ही जनसंपर्क कंपनी होती. प्रमुख रिचर्ड एडेलमन यांनी स्वतःच्या ब्लॉगवर चूक कबूल केली.

२००९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही बजावलं, की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर सांगा. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी २०२१ साली असेच नियम केले.

मीही एकदा एका संस्थेवर मानधन घेऊन गौरवलेख लिहिला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं; फक्त मानधनाचा उल्लेख नव्हता. त्या जोडप्याचा प्रवासही खराच होता. म्हणून त्यांना हसताना माझी जीभ अडखळते.