नाचणारा बेदाणा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची समजूत असावी. जाहिरातींतील हलत्या-बोलत्या बाहुल्यांचा इतिहास सांगावयाचा आहे असे आम्ही कळविले, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. आमचे शाळेतील शिक्षण आठवीवर थांबले; पुढचे नगर वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत झाले. चित्रकला आणि चित्रपट यांवर अधिकाराने बोलावे अशी आमची तयारी नाही. परंतु आमची पंचवीस-तीस वर्षे सांगली-तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या मजुरांची संघटना बांधण्यात गेली, आणि आजची हकीकत बेदाण्याचीच आहे.

तिचे निमित्त आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शेडवर निवडणी करणाऱ्या बायांची मागणी होती की, आम्हांला हातमोजे द्या. बेदाणा चिकट असतो. दिवसभर काड्या आणि डागी माल वेगळा करून बोटे हुळहुळी होतात. मालकांचे उत्तर ठरलेले, परवडत नाही. बोलणी चालू असतानाच नव्या खोक्यांचा गठ्ठा उतरला. प्रत्येक खोक्यावर द्राक्षाचा एक हसरा मणी छापलेला. त्याला हात, पाय, पायांत बूट आणि हातांत पांढरेशुभ्र हातमोजे! एक वयस्कर मावशी खोका उचलून म्हणाल्या, "दादा, ह्येला परवडत्यात बघा." सगळे हसले, मालकही हसले. हातमोजे मात्र त्या हंगामात मिळाले नाहीत. या हातमोजेवाल्या मण्याचे घराणे कोणते, हा शोध तेव्हापासून आमच्या मागे लागला. त्याचा सर्वांत विख्यात पूर्वज अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९८६ साली जन्मास आला.

जाहिरातीसाठी एखादे पात्र निर्माण करण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा १९४६ सालचा, आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू १९५४ सालचा आणि अमूलची मुलगी १९६६ सालची. ही मंडळी मूळची कागदावरची. अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोचली, तेव्हा अशी पात्रे चालू-बोलू लागली. पोटाच्या औषधाच्या गोळीचा 'स्पीडी' १९५१ सालचा, न्याहरीच्या पोह्यांचा 'टोनी' नावाचा वाघ १९५२ सालचा आणि पिलस्बरी कंपनीचा कणकेचा गोंडस पोर १९६५ सालचा. यांपैकी वाघ चित्रांतून हलवीत. गोळी आणि कणीक यांच्या मात्र खऱ्याखुऱ्या बाहुल्या असत. बाहुली केसभर हलवावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा केसभर हलवावयाची. एका सेकंदासाठी अशी २४ चित्रे लागतात. म्हणजे पडद्यावर अर्धा मिनिट नाच दिसावा म्हणून ७२० चित्रांचा हिशेब. हे काम हातांचे आहे, आणि अतिशय सोशिक हातांचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता बेदाण्याकडे वळू. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन नावाचे विस्तीर्ण खोरे आहे आणि त्यात फ्रेझ्नो हे बेदाण्याचे मुख्य ठाणे. तेथील बेदाणा प्रामुख्याने थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचा. हे नाव तासगावकरांस परके नाही. आपली 'तास-ए-गणेश' ही जात तासगाव तालुक्यातील बोरगावास थॉमसनपासूनच निघाली. वाळविण्याची रीत मात्र निराळी. आपण मणी औषधी पाण्यात बुचकळून, सावलीत जाळीच्या रॅकवर वाळवितो. तेथे ऑगस्टअखेरीस घड कापून वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवरच कागदाच्या ट्रेवर पसरतात, आणि दोन-तीन आठवडे कडक उन्हात सुकवितात. चार-साडेचार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पावसाच्या आत सर्व उरकावयाचे, म्हणून थोड्या आठवड्यांसाठी हजारो मजूर लागत. ते बहुसंख्य मेक्सिकोतून आलेले. वाकून घड कापावयाचे, ट्रे भरावयाचा, पुढच्या वेलीखाली शिरावयाचे. मजुरी भरलेल्या ट्रेवर. अलीकडे वेलीवरच द्राक्षे सुकवून यंत्राने काढण्याची पद्धत तेथे वाढली आहे. परंतु आम्ही सांगतो त्या काळी ऊन आणि हात यांवरच सारा धंदा उभा होता.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे बेदाणा उदंड झाला आणि भाव घसरले. कायद्याने स्थापलेले 'कॅलिफोर्निया रेझिन ॲडव्हायझरी बोर्ड' नावाचे एक मंडळ होते. मालाच्या वजनावर धंदेवाल्यांकडून सक्तीची पट्टी घेऊन बेदाण्याचा प्रचार करणे हे त्याचे काम. अडचण अशी की बेदाणा हा काही कोणा एका कंपनीचा माल नव्हे. वाणसामानातील तो एक सुरकुतलेला, मुका जिन्नस. मुलांच्या डब्यात आई घालते आणि मूल तसाच परत आणते. मंडळाने हे काम फूट, कोन अँड बेल्डिंग या जाहिरात संस्थेकडे सोपविले. तेथील सेथ वर्नर या लेखकाने सुचविले की, बेदाण्यांनाच नाचवू आणि गाववू.

गाणे निवडले ते सबंध अमेरिकेच्या ओठांवर असलेले, मार्विन गे यांनी १९६८ साली गाजविलेले. त्याच्या मुखड्यात एक शब्दप्रयोग आहे. त्याचा भावार्थ 'उडत उडत कानावर आले' असा, पण शब्दशः अर्थ 'द्राक्षवेलीकडून कळले' असा. हा श्लेष बेदाण्यास आयताच लाभला. जाहिरातीसाठी ते बडी माइल्स यांनी गायिले. बाहुल्या केल्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी विल व्हिंटन यांच्या कारखान्यात. तेलात मळलेल्या मऊ मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करण्यात व्हिंटन यांची ख्याती होती. त्यांच्या १९७४ सालच्या एका लघुपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. बेदाण्याच्या सुरकुत्या हेच त्याचे वैगुण्य. व्हिंटन यांच्या मंडळींनी त्या सुरकुत्यांतूनच हसरा चेहरा घडविला. बूट, हातमोजे आणि काळा चष्मा घालून बेदाण्यांची ही फलटण १९८६ साली पडद्यावर आली, आणि लोक खुळावले. खरे सांगावयाचे तर जुनी फीत पाहताना आम्हांसही मौज वाटली. आपण कशाला भुललो हे कबूल केल्याखेरीज ते कसे घडले हे समजत नाही.

पुढे जे घडले ते जाहिरातीच्या हिशेबात बसणारे नव्हते. १९८७ साली हार्डीज या उपाहारगृहांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी बेदाण्यांच्या छोट्या बाहुल्या काढल्या. त्याच वर्षीच्या नाताळात व्हिंटन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बेदाणे गायिले, आणि त्या कार्यक्रमास एमी पारितोषिक मिळाले. ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९८८ साली सीबीएस वाहिनीने त्यांच्या कल्पित जीवनचरित्राचा एक खास कार्यक्रम दाखविला. त्यात मण्यांना नावे मिळाली: ए. सी., बीबॉप, स्ट्रेच आणि रेड. रे चार्ल्स यांच्या रूपाचा बेदाणा झाला, मायकेल जॅक्सन यांच्या रूपाचा झाला; १९८९ साली मुलांसाठी व्यंगचित्रमालिका झाली. सदरे, डबे, खेळणी यांची तर गणती नाही.

एक जाहिरात लोकजीवनात अशी मुरते कशी? आमच्या समजुतीप्रमाणे याची तीन कारणे आहेत. पहिले, ती लोकांच्या मनात आधीच असलेल्या गोष्टीवर, येथे एका गाण्यावर, स्वार होते. दुसरे, ती मुक्या वस्तूला चेहरा देते आणि चेहऱ्याशी माणसाचे नाते जडते. नावाने हाक मारता येईल अशा मण्याला कोणी विसरत नाही. तिसरे आणि मुख्य, ती विकावयाच्या मालापासून सुटून निघते. ज्या पोराने बेदाणा कधी तोंडात घातला नाही, त्याच्याही खिशात बेदाण्याची बाहुली असते. तेथे जाहिरात संपली आणि दैवत उभे राहिले असे म्हणावयाचे.

परंतु चेहरा जसा कोणाला दिला जातो, तसा कोणाचा तरी झाकलाही जातो. बेदाणे गात होते ते गाणे आणि चालत होते ती चाल, दोन्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची. व्यंगचित्रांतील पांढऱ्या हातमोज्यांचे मूळ अभ्यासक जुन्या तमाशावजा खेळांत शोधतात. त्या खेळांत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची थट्टा करीत. आणि ज्या हातांनी द्राक्षे तोडली, ते तर चित्रात नव्हतेच.

ते हात त्याच वेळी, त्याच खोऱ्यात काय करीत होते, हे आता पाहू. तेथील डेलानो गावी १९६५ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांचा मोठा संप झाला. प्रथम उठले ते लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजूर. आठवड्याभरात सीझर चावेझ यांच्या संघटनेतील मेक्सिकन मजूर सामील झाले. पाच वर्षांच्या झुंजीनंतर, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडल्यावर, १९७० साली मालकांनी करार केले. चावेझ गांधीजींना मानीत. त्यांच्या उपवासांमागे ती प्रेरणाही होती. पुढे करार निसटत गेले, आणि १९८४ साली त्यांनी पुन्हा बहिष्कार पुकारला. १९८६ साली, म्हणजे बेदाणे पडद्यावर आले त्याच वर्षी, मळ्यांतील कीटकनाशकांविरुद्ध संघटनेने एक लघुपट काढून गावोगाव दाखविला. मॅकफारलंड या गावी अनेक मुलांना कर्करोग झाला होता. चौकशीत त्याचे कारण निश्चित ठरले नाही हेही सांगितले पाहिजे. पण आयांची भीती खरी होती. १९८८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चावेझ यांनी डेलानो येथे केवळ पाण्यावर ३६ दिवसांचा उपवास केला. बहिष्कार खाण्याच्या ताज्या द्राक्षांवर होता, बेदाण्यावर नव्हे. परंतु खोरे एक, ऊन एक आणि मजूरही त्याच वर्गाचे. त्या वर्षी अमेरिकेतील मुलांस चार मातीच्या बेदाण्यांची नावे पाठ होती. द्राक्षे तोडणाऱ्या चार माणसांची नावे त्यांतील किती मुलांस सांगता आली असती?

मग या कीर्तीचा लाभ झाला कोणाला? बागाईतदारांना, असे कोणी म्हणेल. सुरुवातीस खप वाढला खरा. पण बाहुल्यांचे वेड वाढले त्या प्रमाणात बेदाणा वाढला नाही, आणि जाहिरातीचा खर्च मात्र वाढत गेला. पट्टी भरणारे शेतकरी हिशेब विचारू लागले, धंदेवाल्यांत तंटे झाले आणि १९९४ साली ते मंडळच बंद पडले. विल व्हिंटन यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. त्यांच्या कारखान्यात बाहेरचे भांडवल आले, मालकी हातची गेली, आणि २००३ साली स्वतःच उभारलेल्या संस्थेतून त्यांना बाहेर पडावे लागले. २०१८ साली ते वारले. ज्याच्या हातांनी मातीला जीव दिला, तोही अखेर हातावर पोट असलेलाच ठरला.

आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असते की, चित्रे-बाहुल्या हा भांडवलवाल्यांचा खेळ; आपण आपले पत्रक काढावे. इतिहास तसे सांगत नाही. चावेझ यांच्या संघटनेने १९६२ सालीच आपले चिन्ह ठरविले होते, लाल निशाणावर काळा गरुड. सीझर यांचे बंधू रिचर्ड यांनी तो मुद्दाम सरळ रेषांचा आणि कोनांचा काढला, कोणाही मजुराला हाताने काढता यावा म्हणून. नाचरा बेदाणा काढावयास कारखाना लागे. हा गरुड झोपडीतील पोर कोळशाने काढी. १९८२ साली एस्टर एर्नांदेझ या चित्रकर्तीने आणखी एक पाऊल टाकले. 'सन-मेड' बेदाण्याच्या खोक्यावर १९१६ पासून लाल टोपीची, हातांत द्राक्षांची करंडी घेतलेली हसरी तरुणी असते. एर्नांदेझ यांनी तेच खोके रंगविले. तरुणीच्या जागी सांगाडा काढला आणि खाली विषारी फवारण्यांचा उल्लेख केला. त्या स्वतः त्याच खोऱ्यातील, शेतमजुरांच्या घरातल्या. एका ओळखीच्या चेहऱ्याची सारी पुण्याई त्यांनी एका चित्रात मजुरांच्या बाजूस वळविली. तेही चित्र आज त्या लोकांच्या घराघरांतले झाले आहे.

म्हणून आमचे म्हणणे बाहुली फोडा असे नाही. मुलांनी तिच्याशी खेळावे, आपणही हसावे. हसून झाल्यावर एक प्रश्न तेवढा विचारावा: या चित्रातून कोणाचे हात वगळले आहेत? पूर्वी उल्लेखिलेल्या शेडवर पुढच्या हंगामात बायांनी एक फलक स्वतः रंगविला. वर तोच हातमोजेवाला मणी आणि खाली एक उघडा हात, बोटांना पट्ट्या बांधलेला. अक्षर एकही नव्हते. तो फलक दारावर आठ दिवस होता. नवव्या दिवशी हातमोज्यांचे खोके आले. पगारवाढ अजून व्हावयाची आहे, आणि उद्या सकाळी नऊ वाजता त्याचीच बैठक आहे. म्हणून आपली रजा घेतो.