सरहद्दीवरचे कॅम्प आणि बंदुकीचा पहिला धडा

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलताना आपण सत्याग्रह, तुरुंग, पोलीस ॲक्शन हे सगळं सांगतो. आज जरा वेगळा प्रश्न घेऊ या. ज्यांनी आयुष्यात कधी चाप ओढला नव्हता, अशा शेतकऱ्यांच्या, मास्तरांच्या, वकिलांच्या पोरांनी १९४७-४८ साली बंदूक हातात का घेतली? आणि ती शिकल्यावर पुढे काय झालं?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, उदगीर बीदर जिल्ह्यात. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. पश्चिमेला बार्शी-सोलापूरकडे गेलं की तिथंही हिंदुस्थान. १५ ऑगस्टला नदीपलीकडे तिरंगा लागला आणि अलीकडे तो लावणं गुन्हा ठरला! त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली.

दुसरी बाजू रझाकारांची. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या संघटनेकडे हत्यारं होती आणि राज्याचं पाठबळही होतं. बिलोलीचे गोविंदराव पानसरे यांची १९४६ सालीच अर्जापूरजवळ हत्या झाली होती. गावावर टोळी आली तर फिर्याद कुणाकडे न्यायची? पोलीस ठाण्यात? तिथे ऐकून घेणारं कुणी नव्हतं. 'स्वसंरक्षण' हा शब्द इथे येतो.

मग सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. नांदेडच्या लोकांसाठी मोठा कॅम्प पैनगंगेपलीकडे उमरखेडला होता. उस्मानाबाद-लातूरकडच्या मंडळींचे कॅम्प बार्शीच्या बाजूला. आणि उदगीर भागात तर लोक पलीकडे न जाता राज्यातच टिकून राहिले. देवर्जनजवळचा हत्तीबेट हा डोंगर त्यांचा आसरा झाला. अप्पाराव पाटील कौळखेडकरांचं किसान दल याच टापूतलं.

आता शिकण्याचं बघा. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची, आणि मग एकच बार. तो चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. पिस्तूल भरायला सोपं वाटतं, पण नळी आखूड असल्यामुळे मनगट केसभर हललं तरी गोळी भलतीकडे जाते. नवशिक्याचं बोट आपोआप चापावर जातं, आवाजाच्या भीतीने डोळे मिटतात. म्हणून पहिला धडा नेम धरण्याचा नसतोच. बोट चापापासून लांब ठेवायचं, नळी सोबत्याकडे कधी वळवायची नाही, आणि बार कधी काढायचा नाही, हा पहिला धडा. यातलं शेवटचंच सगळ्यात अवघड.

यात गांधीजींचं काय, असं तुम्ही विचाराल. ही माणसं तर काँग्रेसची, खादी घालणारी. पण भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड करायची वेळ आली तर हिंसा बरी, अशा अर्थाचं गांधीजींनीच १९२० साली लिहिलं होतं. स्टेट काँग्रेसच्या लोकांना तो आधार वाटला. तरी ताण होताच. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड कॅम्पच्या लोकांनी उमरीची बँक ताब्यात घेतली, वीस लाखांच्या आसपास रक्कम नेली. आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एकाच दिवसाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. आपण बहुतेक वेळा इथे थांबतो. आज थांबायचं नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून सांगितले, आणि राज्यभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल अनेक दशकं जाहीरच झाला नाही.

याचा अर्थ कॅम्पवाले चुकले, असा काढू नका. दारात टोळी उभी असताना बंदूक शिकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. पण स्वसंरक्षणाला एक हद्द असते. समोरून हल्ला थांबला की तो हक्कही तिथेच थांबतो. आजचा कायदा तेच म्हणतो. आज परवाना हवा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि २०१६च्या नियमांनुसार शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

तेव्हा १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना हत्तीबेट आणि उमरखेड आठवाच. त्याबरोबर त्या पुढच्या आठवड्यांत मारले गेलेले शेजारीही आठवा. दोन्ही मिळूनच आपला इतिहास पुरा होतो.