उगम, स्थापना आणि स्थलांतर

इतिहासकथनात विशेषणांच्या श्रीमंतीपेक्षा नेमक्या शब्दाचे मोल अधिक. आपल्या देवस्थानांचे वृत्तांत लिहिताना ‘अतिप्राचीन’, ‘भव्य’, ‘निसर्गरम्य’ हे शब्द आपण इतक्या सढळ हाताने वापरतो, की एका क्षेत्राचे वर्णन दुसऱ्यास लावले तरी कोणाच्या ध्यानात येऊ नये!

जांबोटीचाच मुलूख घ्या. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या घाटाकडे निघालेल्या वाटसरूस कणकुंबी लागते. तेथे श्रीमाउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेस वळून गोव्यात मांडवी होते. ‘येथील डोंगरांतून नद्या वाहतात’ हे वाक्य खोटे नव्हे. परंतु हा मुलूख दोन समुद्रांकडे पाण्याची वाटणी करतो, ही त्याची खरी ओळख त्यात बुडून जाते. मराठीतील ‘नदी’, ‘ओहोळ’, ‘झरा’ आणि कोंकणीतील ‘न्हंय’, ‘व्हाळ’, ‘झर’ हे भेद पूर्वजांनी उगाच केलेले नाहीत.

देवळांच्या बाबतीत तर चुकीचा शब्द इतिहासच पालटतो. श्रीमंगेशाचे मूळ स्थान साष्टीतील कुशस्थळी. पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळामुळे १५६० साली भक्तांनी देव झुआरीपलीकडे अंत्रुज महालात प्रियोळ येथे नेला. तो प्रदेश तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. तेथे ‘१५६० साली स्थापना’ असे लिहिले, तर कुशस्थळीची सारी परंपरा एका शब्दाने पुसली जाते. खरा शब्द ‘स्थलांतर’. केळशीची श्रीशांतादुर्गाही त्याच शतकात कवळ्यास आली. तेथील आजचे देऊळ मात्र अठराव्या शतकातले. ‘मंदिर झाले’ या मोघम वाक्यात हे अंतर नाहीसे होते.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांकडून आठवणी मिळविल्या, आणि सांगणाऱ्यांत जेथे फरक पडला तेथे तो फरकही नोंदविला. साक्षीदाराने ‘पाहिले’ म्हटले की ‘ऐकले’, यावर दाव्याचा निकाल फिरताना पाहणाऱ्या वकिलास या सचोटीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तेव्हा ग्रामदेवतेचा वृत्तांत लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस विचारावे : ‘स्थापना’ की ‘स्थलांतर’? ‘जीर्णोद्धार’ की ‘नवे बांधकाम’? ‘लेखात आढळते’ की ‘वृद्ध सांगतात’? वृद्ध सांगतात ते कमी मोलाचे नव्हे. पण ते तसेच म्हणून लिहावे. सांगणारे निघून जातात, कागद राहतो. आणि पुढची पिढी त्यालाच पुरावा मानते.