घसरणारा पट्टा

घरी छोटा लेथ घेतलेल्या माणसाचे पहिले काही महिने मजेत जातात. मग एक दिवस टूल जॉबमध्ये रुततं, कडकड असा आवाज येतो आणि हेडस्टॉकमधल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात. सात इंची चिनी मिनी लेथवर हे इतक्या जणांचं झालंय की गिअर काढून तिथे पट्टा बसवणं हा हौशी मंडळींचा ठरलेला उद्योग झालाय. आता तुम्ही म्हणाल, एवढी प्रगती करून पुन्हा पट्टाच? तर मंडळी, ही गोष्ट जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यात इंजिन एकच असायचं. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा सपाट पट्टा उतरायचा. कावसजी दावरांची मुंबईतली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तिथून पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांतही इंजिनाची ताकद शाफ्ट, दोर आणि पट्टे यांतूनच मागापर्यंत पोचायची. उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा बाही सापडली की माणूस ओढला जायचा. भारतातल्या १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातही धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती, ती काही उगाच नाही.

या पट्ट्यांचा कसून अभ्यास कोणी केला असेल? फ्रेडरिक टेलर! हो, तोच, ज्याच्यामुळे आपण टाइमशीट भरतो. मिडवेलच्या पोलाद कारखान्यात त्याने तब्बल ९ वर्षं पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९३ मध्ये त्यावर निबंध वाचला. पट्टा सैल पडून काम अडेपर्यंत थांबू नका, स्प्रिंगच्या काट्याने ताण मोजून ठरल्या वेळी, काम बंद असताना दुरुस्त करा, असा त्याचा आग्रह. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स.

गंमत म्हणजे पट्ट्याला लेथवरून हटवण्यात याच टेलरचा हात आहे. त्याने आणि व्हाइटने विकसित केलेलं हायस्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. या टूलने कितीतरी जास्त वेगाने कापता येत होतं, पण स्टेप पुलीवरचा सपाट पट्टा तेवढी ताकद देताना घसरायला लागला. मग मोठ्या लेथमध्ये गिअरचं हेडस्टॉक आलं.

तोवर वीजही आली होती. मालकांनी आधी काय केलं, तर इंजिन काढून तिथे मोठी मोटर बसवली. शाफ्ट आणि पट्टे तसेच! (आपल्या धंद्यातली लेगसी सिस्टिम आठवली ना?) अमेरिकेत १८९९ मध्ये कारखान्यांतली जेमतेम ५ टक्के ताकद विजेवर होती, १९२० च्या आसपास ती निम्म्याच्या वर गेली. खरा फायदा झाला तो यंत्रागणिक वेगळी मोटर आल्यावर. पण मोटर यंत्राला खेटून बसली की सपाट पट्ट्याला लागणारं लांब अंतर उरत नाही. इथे व्ही-बेल्ट कामाला आला. रबरी व्ही-बेल्टचं श्रेय डेन्व्हरच्या जॉन गेट्सना देतात, साल १९१७. हा पट्टा खाचेत पाचरीसारखा आवळून बसतो, म्हणून कमी अंतरातही पकड धरतो.

पुली बनवताना ही पाचर लक्षात ठेवायची. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळणारा ए सेक्शनचा पट्टा घ्या. वरची रुंदी १३ मि.मी., बाजूंमधला कोन ४० अंश. म्हणून खाचही ४० अंशांची कापावी, तर चुकलं! पट्टा वाकला की आतली बाजू दबून फुगते आणि त्याचा कोन कमी होतो. त्यामुळे साधारण ११८ मि.मी. व्यासापर्यंत खाच ३४ अंशांची आणि त्याहून मोठ्या पुलीला ३८ अंशांची. म्हणजे छोट्या पुलीसाठी कंपाउंड स्लाइड १७ अंशांवर लावून एक बाजू कापायची, मग उलटीकडे १७ अंश लावून दुसरी. तळ मात्र पट्ट्याला टेकता कामा नये, नाहीतर पाचर बसत नाही. आधी भोक अचूक करायचं आणि मग जॉब मँड्रेलवर चढवून बाहेरचं काम करायचं, म्हणजे पुली लंगडत नाही.

आणि हो, हे सगळं लेथ खोलायच्या आधी! कंपायलरने स्वतःचीच पुढची आवृत्ती कंपाइल करावी, तसा लेथ स्वतःच्याच पुल्या करतो.

मोठ्या लेथला शंभर वर्षांपूर्वी जे घसरणं परवडत नव्हतं, तेच घरच्या लेथला हवं असतं. टूल रुतलं तर पट्टा घसरेल, किंचाळेल, फार तर तुटेल; नवा बसवता येतो. फक्त वर पत्र्याचं कव्हर घालायला विसरू नका. १८८१ चा कायदा घरांसाठी नव्हता, पण बोटं तीच आहेत.