लॅपटॉपचा फॅक्टरी रिसेट

लॅपटॉपवरील खाती, फाइली, मागाहून बसवलेली सॉफ्टवेअर आणि बदललेली सेटिंग्ज काढून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने मांडण्याची प्रक्रिया. व्हायरस, बिघडलेले अपडेट, वाढत गेलेली मंदगती किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असणे, ही तिची नेहमीची कारणे. बोलण्यात तिला सरसकट ‘फॉरमॅट मारणे’ किंवा ‘विंडोज टाकणे’ म्हणतात. मात्र पेनड्राइव्हवरून डिस्क पुसून विंडोज बसवणे आणि लॅपटॉपमधली सोय वापरून रिसेट करणे ही दोन वेगळी कामे आहेत. सोलापुरात अनेक घरांत लॅपटॉप एकट्याचा नसतो. दिवसा त्यावर चादर-टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या धंद्याची बिले निघतात, रात्री मुलांचा अभ्यास होतो. रिसेटमध्ये काय जाते आणि काय उरते, हे म्हणूनच आधी नीट माहीत हवे.

पूर्वी संगणकाबरोबर रिकव्हरीच्या सीडी मिळत. पुढे कंपन्यांनी डिस्कचाच एक भाग राखून त्यात मूळ विंडोजची प्रत ठेवायला सुरुवात केली. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक कळ दाबली की ती प्रत उलगडे: एचपीला एफ ११, आसुसला एफ ९, एसरला अल्ट आणि एफ १०, लेनोवोच्या अनेक लॅपटॉपांना त्यासाठी ‘नोवो’ नावाचे छोटे बटणच असते. या प्रतीत विंडोजबरोबर कंपनीची स्वतःची सॉफ्टवेअर आणि चाचणी मुदतीचा अँटिव्हायरसही परत येई. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिसेटची सोय विंडोजमध्येच दिली. २०१५ च्या विंडोज १० पासून राखीव प्रतीचीही गरज उरली नाही. डिस्कवर असलेल्या सिस्टीम फाइलींतूनच विंडोज पुन्हा उभे राहते. याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. विंडोज १० घेऊन आलेला लॅपटॉप मध्यंतरी ११ वर गेला असेल, तर रिसेटनंतरही तो ११ वरच राहतो. खरेदीच्या दिवशी होता तसाच हवा असेल, तर कंपनीची रिकव्हरी प्रत वापरावी लागते.

सिस्टीम फाइलीच खराब झाल्या असतील, तर त्यांच्यातून उभे केलेले विंडोजही कच्चेच निघण्याची भीती असते. त्यासाठी मे २०२० च्या आवृत्तीपासून ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्याय आला. त्यात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून ताजी प्रत उतरवून घेतली जाते. ती सुमारे ४ जीबी किंवा त्याहून मोठी असते. रोज दीड-दोन जीबी डेटा देणाऱ्या मोबाइल योजनेच्या हॉटस्पॉटवर हे काम अर्ध्यात अडकते. त्याला घरचे किंवा दुकानाचे ब्रॉडबँडच हवे.

पेनड्राइव्हवरून केलेल्या फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज ७ च्या काळात परवान्याचा २५ अक्षरी क्रमांक लॅपटॉपच्या तळाला स्टिकरवर असे. विंडोज ८ पासून तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवला जातो. भारतात घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतांश लॅपटॉपांत तो ‘होम सिंगल लँग्वेज’ या आवृत्तीचा असतो. रिसेट केला की तीच आवृत्ती परत येते आणि इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होते, वेगळा खर्च नाही. कोणी पेनड्राइव्हवरून ‘प्रो’ आवृत्ती टाकून दिली, तर चिपमधला क्रमांक तिला लागू पडत नाही आणि मग परवान्याची तपासणी चुकवणारे क्रॅक चालवले जाते. पैसे मोजून घेतलेला परवाना बाजूला पडतो आणि चोरीची प्रत गळ्यात येते. व्हायरस घालवण्यासाठी फॉरमॅट केले असेल, तर हे क्रॅकच नव्या व्हायरसची वाट ठरू शकते. म्हणून दुरुस्तीला देताना ‘मूळ आवृत्तीच ठेवा’ असे स्पष्ट सांगावे. विंडोजविना, डॉसवर विकत घेतलेल्या लॅपटॉपांना मात्र परत जाण्याजोगे मूळ विंडोजच नसते.

रिसेट सुरू केल्यावर पहिला प्रश्न येतो: ‘कीप माय फाइल्स’ की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पहिल्यात खात्याच्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाइली राहतात, पण बसवलेली सॉफ्टवेअर सगळी जातात. दुसऱ्यात आपल्या फाइलीही जातात. फाइली राहणार असे पडद्यावर लिहिलेले असले, तरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मध्येच वीज गेली किंवा डिस्कने मान टाकली, तर ते आश्वासन कामी येत नाही. चार्जर लावल्याखेरीज विंडोज बहुधा रिसेट सुरूच करू देत नाही.

व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर सर्वांत मोलाचा असतो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, आणि तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो लिहून घ्यावा. त्या जागी पाच-सहा आकडी नावांची फोल्डर असतात. प्रत्येक फोल्डर म्हणजे एका कंपनीचे अख्खे वहीखाते. ती उचलून दुसरीकडे ठेवावीत आणि जमल्यास दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे आहे. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, म्हणून रिसेटआधी तो ‘सरेंडर’ करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन शाबूत राहते; त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या कामाचा ‘एमसाइनर’ मात्र नव्याने बसवावा लागतो. लॅपटॉपबरोबर मिळालेले ‘ऑफिस होम अँड स्टुडंट’ ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सक्रिय केले, त्याच खात्याशी जोडलेले राहते. ते खाते कोणते आणि त्याचा पासवर्ड काय, हे आधीच तपासावे.

तीच गोष्ट डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीची. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. विंडोज सुरू होत नसताना बाहेरून रिसेट करू गेल्यास यंत्र ही किल्ली मागते. खरेदीच्या वेळी घाईत दुसऱ्या कोणाच्या ईमेलने लॅपटॉप सुरू करून घेतला असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात असते. किल्ली मिळाली नाही तर डिस्क पुसून नवे विंडोज टाकता येते, पण आतले फोटो आणि हिशेब कायमचे जातात. लॅपटॉप धडधाकट असतानाच किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने आणि विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीतल्या रिकव्हरीतून ‘रिसेट धिस पीसी’पर्यंत जाता येते. पासवर्ड विसरला असेल, तर प्रवेशाच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावे. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’मध्ये तोच पर्याय असतो. विंडोज सुरूच होत नसेल, तर लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता अडखळल्यावर हा पडदा आपणहून येतो. पुढे पडदा काळा होतो, टक्केवारी वाढत जाते, यंत्र अनेकदा बंद होऊन सुरू होते. एसएसडी असेल तर काम लवकर उरकते. जुनी हार्ड डिस्क असेल आणि ती पुसायचाही पर्याय निवडला असेल, तर काही तास जातात. एखादा आकडा बराच वेळ हलत नाही म्हणून बटण दाबून लॅपटॉप बंद करू नये. त्यानेच नुकसान होते.

रिसेटनंतर लॅपटॉपवर मराठी वाचता येते, पण लिहिता येत नाही. निर्मला यूआय हा फाँट विंडोज ८ पासून सोबतच येतो आणि देवनागरीबरोबर तेलुगू व कन्नडही दाखवतो, ही बहुभाषक सोलापूरकरांची मोठी सोय आहे. टंकनाची कळपाटी मात्र जोडावी लागते. पहिल्याच सेटअपमध्ये देश आणि कळपाटी विचारून झाल्यावर दुसरी कळपाटी हवी का, असा प्रश्न येतो. बहुतेक जण तो घाईने ओलांडतात. तिथेच मराठी निवडता येते. ‘सिंगल लँग्वेज’ आवृत्तीत विंडोजचे पडदे एकाच भाषेत दिसतात, पण टंकनाच्या भाषांवर काही बंधन नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल त्याने ‘मराठी फोनेटिक’ जोडावी. ती २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. गूगलचे इंटरनेटशिवाय चालणारे जुने इनपुट टूल ज्यांच्या हातात बसले आहे, त्यांची मात्र पंचाईत होते, कारण गूगलने ते विंडोजसाठी देणे बंद केले आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट विंडोज १० पासून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक भागात गेले. मराठी भाषा जोडली की ते सहसा येतात. न आल्यास ‘ऑप्शनल फीचर्स’मधून घ्यावे लागतात. कार्यालयाच्या जुन्या वर्ड फाइलींची मांडणी रिसेटनंतर विस्कटते, त्याचे कारण पुष्कळदा मंगलची गैरहजेरी हे असते.

डीटीपी करणाऱ्यांचे दुखणे याहून मोठे. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या युनिकोडपूर्व फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. रिसेटनंतर लग्नपत्रिकेची जुनी फाइल कोरलड्रॉमध्ये उघडावी, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची रांग दिसते आणि फाँट बदलू का, असे प्रोग्रॅम विचारतो. अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करावी. मजकूर गेलेला नसतो. तोच फाँट पुन्हा बसवला की तो जसाच्या तसा दिसतो. म्हणून रिसेटआधी फाँट वेगळे काढून ठेवावेत आणि सशुल्क पॅकेजचे डोंगल व नोंदणीचा तपशील हाताशी असावा. सोलापुरात पत्रिका मराठीखेरीज तेलुगू, कन्नड, उर्दूतही छापल्या जातात. उर्दूसाठी इनपेज वापरणाऱ्याला त्याचीही आठवण ठेवावी लागते.

मंदगतीचा प्रत्येक रोग रिसेटने बरा होत नाही, हे येथे ठासून सांगायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. यंत्रमागांना लागून असलेल्या घरांत सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ते धुळीबरोबर लॅपटॉपच्या पंख्यात आणि जाळीत अडकले, की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंखा सतत घोंघावत असेल, तळ चटका देत असेल, लॅपटॉप मधेच बंद पडत असेल, तर आधी तो उघडून साफ करून घ्यावा आणि थर्मल पेस्ट बदलावी. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर रिसेट करूच नये; त्या ताणाने ती पूर्ण निकामी होऊ शकते. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा आणि मग डिस्कच बदलायची. जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याने जो वेग येतो, तो कितीही रिसेट केले तरी येत नाही. विंडोज १० च्या नियमित अपडेटांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा त्याच आवृत्तीवर राहिलेल्या जुन्या यंत्राला रिसेटनंतरही सुरक्षेचा प्रश्न उरतोच.

लॅपटॉप विकायचा किंवा नातेवाइकाला द्यायचा असेल, तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. एरवी फाइली पुसल्यासारख्या दिसतात, पण सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या अनेकदा परत काढता येतात. हा पर्याय घरगुती वापरापुरता आहे, सरकारी व औद्योगिक मानकांची पूर्तता तो करत नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. ग्राहकांचे पॅन आणि आधारचे तपशील बाळगणाऱ्या कर सल्लागाराने किंवा रुग्णांच्या नोंदी असलेल्या दवाखान्याने त्यावर थांबू नये. डिस्क आधीपासून बिटलॉकरने बंद असेल, तर किल्ली नष्ट झाल्यावर उरलेला डेटा वाचता येत नाही, आणि एसएसडीसाठी हा भरवशाचा मार्ग आहे. विकल्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून ते यंत्र काढून टाकावे.

ॲपलच्या मॅकमध्ये २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून, टी-२ किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेल्या यंत्रांवर, ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ ही सोय आहे. क्रोमबुकमध्ये तिला ‘पॉवरवॉश’ म्हणतात आणि ते काही मिनिटांत होते. लिनक्समध्ये सर्वत्र चालणारे एकच बटण नाही. होम फोल्डरची प्रत घेऊन पेनड्राइव्हवरून पुन्हा बसवणे हीच रीत.

ज्या लॅपटॉपचा पडदाही उजळत नाही, त्याचा रिसेट करता येत नाही. त्याची डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून डेटा घ्यावा, नको असल्यास ती डिस्क फोडून निकामी करावी आणि उरलेले यंत्र भंगारात न घालता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांवर अशा यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे.