1947 साली एक डॉलर म्हणजे किती रुपये?

दर पंधरा ऑगस्टच्या आसपास एक मेसेज हमखास फिरतो: 1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. तुम्हालाही आला असेलच. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरत राहील, त्याला इलाज नाही. पण संशोधनात हा आकडा पहिला बिंदू म्हणून घेतला, तर पुढच्या सगळ्या आलेखाचा उतारच चुकतो. तो तपासायला कागद-पेन्सिल पुरते. बघूया.

आधी हिशोब

1947 साली रुपयाची गाठ पौंडाशी बांधलेली होती. एक रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजेच 18 पेन्स. तेव्हाच्या पौंडात 20 शिलिंग आणि शिलिंगमध्ये 12 पेन्स, म्हणजे एकूण 240 पेन्स. आता 240 भागिले 18 करा: एका पौंडाला 13.33 रुपये. पौंडाचा डॉलरमधला दर होता 4.03. म्हणून 13.33 भागिले 4.03, उत्तर 3.31.

तर एक डॉलर म्हणजे साधारण 3 रुपये 31 पैसे (तेव्हाच्या भाषेत 3 रुपये 5 आणे). डिसेंबर 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे भारताचा जो अधिकृत दर नोंदला गेला, तोही हाच. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

18 पेन्स आले कुठून?

खरी गंमत इथे आहे. एकोणिसाव्या शतकात रुपया चांदीचा होता आणि पौंड सोन्याचा. 1870 नंतर चांदीचा भाव घसरत गेला, तसा रुपयाही घसरला. सुरुवातीला जवळपास 2 शिलिंगांचा असलेला रुपया 1893 पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. तेव्हा सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं आणि शतक संपेपर्यंत 16 पेन्सचा, म्हणजे पौंडाला 15 रुपयांचा, दर बसवला. पहिल्या महायुद्धात तो मोडला. 1920 मध्ये 2 शिलिंगांचा दर ठरवून पाहिला, तो टिकला नाही. मग हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये 18 पेन्सची शिफारस केली आणि 1927 मध्ये त्याचा कायदा झाला.

16 की 18 यावर मोठं भांडण झालं. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी 16 पेन्सच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. दोन पेन्ससाठी एवढं का? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडात रक्कम पाठवावी लागे. दहा लाख पौंड पाठवायला 16 पेन्सच्या दराने दीड कोटी रुपये लागत, 18 च्या दराने 1 कोटी 33 लाख. सरकारला महाग रुपया सोयीचा होता. पण कापूस निर्यात करणाऱ्याच्या हातात प्रत्येक पौंडामागे कमी रुपये पडत, आणि मुंबईच्या गिरण्यांना आयात कापड स्वस्त झाल्याचा फटका बसे. बाबासाहेब आंबेडकरांचं 1923 चं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक याच काळातलं आहे. विनिमय दराच्या वादात कोण काय कमावतं, हे समजून घ्यायचं असेल तर ते जरूर वाचा.

सपाट रेषेवर विसंबू नका

आता 1949 कडे या. 18 सप्टेंबरला ब्रिटनने पौंड 4.03 वरून 2.80 डॉलरवर आणला. भारतानेही रुपया त्याच प्रमाणात खाली आणला. तुमच्या तक्त्यात फक्त रुपया-पौंड असेल तर काहीच दिसणार नाही: आधी 13.33, नंतरही 13.33. पण डॉलरचा रकाना 3.31 वरून 4.76 वर उडी मारतो. ब्रिटनकडे भारताची जी युद्धकाळातली थकबाकी शिल्लक होती, ती पौंडात होती. तिचं डॉलरमधलं मोल एका झटक्यात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालं.

पाकिस्तानने मात्र आपला रुपया तसाच ठेवला. त्यामुळे शंभर पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये असा दर झाला (4.76 भागिले 3.31 करून बघा). भारताने तो मान्य केला नाही आणि दोन्ही देशांतला व्यापार ठप्प झाला. कच्चा ताग पूर्व बंगालात, गिरण्या कलकत्त्याला, अशी अवस्था!

एकच घटना, दोन टक्केवाऱ्या

6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. एका पुस्तकात तुम्हाला 36.5 टक्के अवमूल्यन दिसेल, दुसरीकडे 57.5 टक्के. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाचं डॉलरमधलं मोल 36.5 टक्क्यांनी घटलं, तर डॉलरची रुपयातली किंमत 57.5 टक्क्यांनी वाढली. भागाकार उलटा केला की टक्केवारी बदलते. प्रयोगशाळेत एकक लिहिल्याशिवाय आकडा कुणी स्वीकारत नाही, तोच नियम इथेही लावा.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1967 मध्ये, पौंड पुन्हा घसरून 2.40 डॉलरवर आला. या वेळी भारत मागे गेला नाही. म्हणून पौंड 21 रुपयांवरून 18 वर उतरला आणि डॉलर 7.50 वरच राहिला. रुपया मजबूत झाला म्हणायचं का? उत्तर तुम्ही कोणता रकाना बघता त्यावर आहे.

आराखड्यासाठी जुन्या विनिमय दरांचा तक्ता करणार असाल, तर प्रत्येक वर्षापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: दर कोणत्या दिशेने मांडलाय, तेव्हा रुपया कशाला बांधलेला होता आणि तो दर कुणी ठरवला. यात वेळ जातो खरा, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.