अणू आणि मँचेस्टर



अणूवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात बरेच झाले. तेथे अणूविषयी वाचताना एक शहर पुन्हा पुन्हा भेटले, ते मँचेस्टर. गिरणगावाला हे नाव परके नाही. मुंबईच्या जुन्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रे त्याच लँकेशायर मुलखातून आलेली होती.

अणूचा विषय निघाला की कणादाचे नाव घेण्याची आपल्याकडे रीत आहे. जरूर घ्यावे. ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसही तसेच बोलून गेला. परंतु दोघांनीही तराजू हाती धरला नव्हता. तो धरला जॉन डाल्टनने. कंबरलंडमधील एका गरीब विणकराच्या घरी १७६६ साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षीच शाळेत शिकवू लागला आणि पुढे मँचेस्टरला स्थायिक झाला. त्याचा हिशेब व्यापाऱ्यालाही पटावा असा आहे. तीन तोळे शुद्ध कोळसा चार तोळे प्राणवायूशी मिळून एक वायू होतो. तेवढाच कोळसा आठ तोळ्यांशी मिळून दुसरा. पाच नाही, साडेसहा नाही. द्रव्य पिठासारखे हवे तितके मिसळत असते, तर असे झाले असते काय? तेव्हा ते सुट्या नगांनी मिसळत असले पाहिजे. १८०३ ते १८०८ या काळात त्याने हे मांडले. नग फुटत नाही, असे मात्र त्याने धरले होते. मँचेस्टरातच जन्मलेल्या जे. जे. टॉमसनने १८९७ साली केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन दाखवला आणि ती समजूत मोडली.

मला सर्वांत आवडते ती १९०९ सालची हकीकत. मँचेस्टर विद्यापीठात अर्नेस्ट रदरफर्ड प्राध्यापक होता. त्याचा सहकारी हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूंच्या पातळ पत्र्यांवर, मिठाईवर लावतात तसल्या सोन्याच्या वर्खावर, अल्फा कण सोडले. कण पडद्यावर आदळला की बारीकशी लुकलुक होई. ती सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायची. आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे, मग एकेक चमक टिपायची. रदरफर्ड स्वतः या कामाला दोन मिनिटांत वैतागून उठे. तसे त्यानेच एका पत्रात लिहिले आहे. मोजले ते पाळी भरणाऱ्यांनी! १९१३ पर्यंत त्या दोघांनी लाखाहून अधिक चमका मोजल्या. बहुतेक कण पत्र्यातून आरपार जात. पण प्लॅटिनमवर साधारण आठ हजारांत एक उलट फिरला. त्या एका कणाकडे एखाद्याने काणाडोळा केला असता. रदरफर्डने तसे केले नाही. १९११ मध्ये त्याने सांगितले की, अणूचे जवळजवळ सारे वजन मध्यावरच्या एका अतिसूक्ष्म गर्भात साठलेले आहे आणि बाकी सारी पोकळी. त्या गर्भाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांचे नियम नील्स बोरने १९१३ मध्ये बसवले.

त्याच प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक शिकला. बाप कापडगिरणीत सूत कातणारा, आई घरकाम करणारी. लहानपणी नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, पण वरची किरकोळ फी परवडेना म्हणून ती सोडावी लागली. किती घरांची ही कथा आहे! १९३२ साली केंब्रिजमध्ये याच चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. त्यावर विद्युतभार नसल्याने तो अणुगर्भात सहज शिरतो. १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये त्याच कणाने युरेनियमचा गर्भ फुटल्याचे दिसून आले.

१९४१ मध्ये इंग्लंडात अणुबाँबचा हिशेब चालू असता चॅडविकला कळून चुकले की हा बाँब होणारच. तेव्हापासून त्याला झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. पुढे अमेरिकेतील बाँबच्या कामावर तो ब्रिटिश तुकडीचा प्रमुख होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळाले. १९६९ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने एका मुलाखतीत सांगितले की, गेल्या अठ्ठावीस वर्षांत गोळीवाचून एकही रात्र गेल्याचे त्याला आठवत नाही.